बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती पहिल्या तपासणीला माझ्यासमोर येऊन बसते, तेव्हा बहुधा खुर्चीत टेकता टेकताच आकडा सांगते : इतके किलो उतरले. आकडा खरा असतो आणि त्यामागचा आनंदही खरा असतो, पण आहारतज्ज्ञ म्हणून मला त्यावरून फार थोडे कळते. पहिल्या आठ-दहा महिन्यांत वजन जवळजवळ सगळ्यांचेच उतरते. नीट जेवणाऱ्याचे उतरते, तसेच रोज उलट्या होणाऱ्याचेही उतरते. चरबी घटली तर काटा खाली जातो आणि स्नायू झिजले तरी तो खालीच जातो. म्हणून या लेखात वजनाबद्दल कमी आणि प्रथिने, पाणी, गोळ्या, चालणे व रक्ततपासणी यांबद्दल जास्त लिहिले आहे. येथील माहिती आणि तुमच्या सर्जनने दिलेल्या सूचना यांत फरक आढळला, तर सर्जनच्या सूचना पाळाव्यात, कारण तुमच्या पोटात नेमके काय केले आहे हे त्यांनाच ठाऊक आहे.

आपली शस्त्रक्रिया कोणती, हे आधी नीट समजून घ्या

अनेकांना आपल्यावर झालेल्या शस्त्रक्रियेचे नावही सांगता येत नाही, आणि ही उणीव पुढे महागात पडते. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरलेले जठर केळ्यासारख्या अरुंद नळीच्या आकाराचे होते. आतड्यांचा मार्ग मात्र तसाच राहतो. भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या काढलेल्या भागात तयार होत असल्यामुळे सुरुवातीला भूकही कमी लागते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची जेमतेम ३० मिलिलिटर मावेल एवढी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, त्यामुळे अन्न उरलेल्या जठरात आणि आतड्याच्या पहिल्या भागात जातच नाही. लोह आणि कॅल्शियम सर्वाधिक शोषले जातात ते नेमके याच पहिल्या भागात. बायपासनंतर या दोहोंची कमतरता का होते, याचे उत्तर येथे आहे. मिनी बायपासमध्ये जोडणी एकच असते, पण वगळलेले आतडे बरेचदा जास्त लांबीचे असते.

डिस्चार्ज कार्डाची एक प्रत घरी आणि एक फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. पुढे दातांच्या डॉक्टरांपासून स्त्रीरोगतज्ज्ञांपर्यंत कोणाकडेही गेलात, तरी पहिल्या वाक्यात आपल्या शस्त्रक्रियेचे नाव सांगावे.

घरी आल्यानंतरचे पहिले दोन आठवडे

या काळात दोनच कामे आहेत : घोटघोट पाणी पिणे आणि थोडे थोडे चालणे. दिवसाकाठी दीड लिटर द्रव पोटात जाणे हे लक्ष्य असते, पण ते एका बैठकीत साधत नाही. औषधाच्या बाटलीचे छोटे झाकण घ्यावे, त्यात मावेल तेवढे पाणी चार-पाच मिनिटांत संपवावे आणि पुन्हा भरावे. लघवी गडद पिवळी होऊ लागली किंवा उठताना भोवळ आली, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून जागेपणी दर तास-दोन तासांनी घरातल्या घरात फेऱ्या माराव्यात. जड वस्तू चार ते सहा आठवडे उचलू नयेत.

काही लक्षणे मात्र सकाळपर्यंत थांबू देत नाहीत. विश्रांती घेत असतानाही नाडी मिनिटाला १२० च्या वर राहणे, ताप, पोटात वाढत जाणारी वेदना, डाव्या खांद्यात अचानक सुरू झालेले दुखणे, धाप लागणे किंवा कमालीची अस्वस्थता ही जोडणीतून अथवा टाक्यांच्या रेषेतून गळती होत असल्याची खूण असू शकते. एका पायाच्या पोटरीत दुखून सूज आली किंवा श्वास घेताना छातीत कळ आली, तर गुठळीची शंका घ्यावी. काळी शौचास होणे हे रक्तस्रावाचे लक्षण असू शकते. लोहाच्या गोळीनेही शौचाचा रंग काळा होतो, परंतु तो फरक घरी बसून ठरवू नये. यांपैकी काहीही जाणवले तर थेट रुग्णालय गाठावे.

आहाराचे टप्पे आणि जेवण्याची पद्धत

पहिले एक-दोन दिवस पाण्यासारखे पातळ द्रव, नंतर साधारण दोन आठवडे पूर्ण द्रवाहार, म्हणजे साय काढलेले दूध, गाळलेले सूप, डाळीचे पातळ पाणी आणि प्रथिनांची पावडर घातलेली पेये. त्यानंतरचे सुमारे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेले गुळगुळीत अन्न, पुढे मऊ अन्न, आणि सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून हळूहळू नेहमीचे जेवण, असा सर्वसाधारण क्रम असतो. प्रत्येक रुग्णालयाचे वेळापत्रक थोडे वेगळे असते आणि त्यामुळे दुसऱ्या रुग्णाशी तुलना करण्यात अर्थ नाही. बरे वाटते म्हणून टप्पा ओलांडून पुढे जाऊ नये, कारण आतली टाक्यांची रेषा भरून यायला जो वेळ लागतो तो बरे वाटण्याशी बांधलेला नाही.

पहिल्यांदा घट्ट अन्न समोर येते तो दिवस मी प्रत्येकाला नीट आखून घ्यायला सांगते. एक छोटी वाटी आणि चहाचा चमचा घ्यावा. उकडलेले अंडे काट्याने कुस्करून त्यातले अर्धेच वाटीत काढावे. चमच्याच्या टोकावर मावेल एवढाच घास तोंडात घालून तो वीस-पंचवीस वेळा चावावा, गिळावा, चमचा खाली ठेवावा आणि अर्धा मिनिट थांबावे. तिसऱ्या-चौथ्या घासानंतर शरीर काय सांगते ते ऐकावे. शस्त्रक्रियेपूर्वी पोट भरल्याची जी जडशीळ जाणीव ओळखीची होती, ती आता त्या रूपात येत नाही. कोणाला उचकी लागते, कोणाच्या नाकातून पाणी येते, कोणाला एकदम शिंक येते, तर कोणाला छातीच्या हाडाखाली हलकासा दाब जाणवतो. आपली खूण कोणती, हे पहिल्या पंधरवड्यात ओळखता आले पाहिजे, कारण तिच्यानंतरचा प्रत्येक घास वर येण्याच्या वाटेवर असतो. जेवण वीस ते तीस मिनिटांत संपवावे. त्याहून जास्त वेळ रेंगाळत खाल्ले तर नळीतून अन्न खाली सरकत राहते आणि आपण नकळत दुप्पट खातो.

जेवताना पाणी पिऊ नये आणि जेवणानंतर अर्धा तास थांबावे. लोकांना हा नियम सर्वांत जाचक वाटतो, पण पाण्याने अन्न पातळ होऊन लवकर पुढे सरकते, पोट भरल्याची जाणीव टिकत नाही, आणि सुरुवातीच्या काळात उलटीही होते. वायूमिश्रित पेये पोट फुगवतात, तीही टाळावीत.

प्रथिनांचे उद्दिष्ट बहुतेकांसाठी दिवसाला ६० ते ८० ग्रॅम असते. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, २०० मिलिलिटर दुधात साडेसहा-सात ग्रॅम आणि शिजवलेल्या १०० ग्रॅम माशात २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. हा हिशेब मांडला की लक्षात येते की चार चमच्यांच्या जेवणात भात किंवा पाव आधी खाल्ला, तर प्रथिनांना जागाच उरत नाही. ताटात प्रथिने आधी, भाज्या त्यानंतर आणि पिष्टमय पदार्थ जागा उरली तर, हा क्रम आयुष्यभराचा आहे. पहिले काही महिने प्रथिनांची पावडर घ्यावी लागण्यात कमीपणा मानू नये. शाकाहारी व्यक्तींना तर ती बरेचदा जास्त काळ लागते.

एका उलटीची गोष्ट

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या एका बाई दुसऱ्या महिन्याच्या तपासणीला फार खुशीत आल्या होत्या. अपेक्षेपेक्षा सहा किलो जास्त उतरले होते. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "उलट्या होतात रोज, पण त्यामुळेच वजन पटकन उतरतंय ना?" उलट्यांना तीन आठवडे झाले होते. उठून वजनकाट्याकडे जाताना त्यांनी टेबलाची कड धरली. विचारले तेव्हा म्हणाल्या की चार दिवसांपासून पायांना मुंग्या येतात आणि कधी कधी समोरचे दोन-दोन दिसते.

शरीरातील थायामिनचा, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवड्यांतच संपू शकतो. सतत उलट्या, तोल जाणे, डोळ्यांची हालचाल बिघडणे आणि गोंधळल्यासारखे होणे ही मेंदूला इजा होऊ लागल्याची लक्षणे आहेत. वेळेवर शिरेतून थायामिन दिले नाही तर ही इजा कायमची राहते. त्या बाईंना त्याच दुपारी दाखल केले आणि त्या पूर्ण बऱ्या झाल्या, पण तोपर्यंत घरातले सर्व जण त्यांच्या काट्याचे कौतुकच करत होते. दोन-तीन दिवसांहून अधिक काळ उलट्या होत असतील तर रुग्णालयात जावे आणि तेथील डॉक्टरांना आपली शस्त्रक्रिया सांगून थायामिनची आठवण करून द्यावी, कारण थायामिन न देता नुसते ग्लुकोजचे सलाइन लावले तर ही अवस्था आणखी बिघडू शकते.

गोळ्या : सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग

जीवनसत्त्वांच्या गोळ्या किती दिवस घ्यायच्या, असे प्रत्येक जण विचारतो. उत्तर आयुष्यभर असे आहे. बरे वाटू लागले की त्या बंद करण्याचा मोह होतो, आणि बंद केल्यावर लगेच काहीच होत नाही. यातच खरा धोका आहे. बी-१२ चा साठा यकृतात काही वर्षे पुरतो, हाडे आपले कॅल्शियम मुकाट्याने रक्ताला पुरवत राहतात, आणि त्यामुळे आज सोडलेल्या गोळीचा परिणाम दोन-तीन वर्षांनी थकवा, हातापायांची बधिरता किंवा किरकोळ पडण्याने मोडलेले हाड अशा रूपात समोर येतो.

रोजच्या यादीत सामान्यतः एक मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, लोह आणि बी-१२ असते. कॅल्शियमचे प्रमाण अन्न आणि गोळ्या मिळून १२०० ते १५०० मिलिग्रॅम असावे, पण शरीर एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नीट शोषत नाही, म्हणून ते दोन-तीन वेळांत विभागावे. कॅल्शियम कार्बोनेटला शोषणासाठी जठरातील आम्ल लागते आणि ते आता कमी झालेले असते. त्यामुळे कॅल्शियम सायट्रेट अधिक सोयीचे पडते. मासिक पाळी येणाऱ्या स्त्रियांना आणि बायपास झालेल्यांना दिवसाला ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह लागते, इतरांना कमी पुरते. बी-१२ रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम तोंडाने किंवा महिन्यातून एकदा १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन असे घेता येते. ड जीवनसत्त्वाची मात्रा बहुधा रोज ३००० युनिटांपासून सुरू होते आणि रक्तातील पातळी पाहून ठरते. हे आकडे डॉक्टरांशी बोलण्यासाठी आहेत. स्वतःची मात्रा स्वतः ठरवू नये.

लोह आणि कॅल्शियम एकमेकांचे शोषण अडवतात, म्हणून त्यांच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. चहा, कॉफी आणि दुधाबरोबरही लोह घेऊ नये. व्यवहारात हे असे बसते : सकाळी न्याहारीनंतर मल्टिव्हिटॅमिन आणि कॅल्शियमची एक गोळी, दुपारी जेवणानंतर कॅल्शियमची दुसरी, आणि रात्री झोपण्यापूर्वी लोह. ज्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह असते, तिच्याबरोबर सकाळचे कॅल्शियम घेऊ नये. ते संध्याकाळी न्यावे आणि रात्रीच्या लोहापासून दोन तास आधी घ्यावे. आठवड्याच्या सात कप्प्यांची गोळ्यांची डबी आणि मोबाइलवरचा गजर या दोन साध्या वस्तूंनी जेवढे साधते तेवढे माझ्या बोलण्याने साधत नाही.

आधीपासूनची औषधे

मधुमेहावरील इन्सुलिन आणि साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांची गरज शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच घटते. जुनीच मात्रा चालू राहिली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, म्हणून घरी साखर मोजून डॉक्टरांशी वारंवार संपर्क ठेवावा. रक्तदाबाच्या औषधांचेही तसेच. हळूहळू विरघळणाऱ्या दीर्घ परिणामाच्या गोळ्या बायपासनंतर पूर्णपणे शोषल्या जातीलच असे नाही, आणि त्या कुटून घेणे तर धोक्याचे असते. त्याऐवजी दुसरे स्वरूप लिहून मागावे.

वेदनाशामकांबाबत फार सावध राहावे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी औषधे बायपासनंतर जोडणीच्या जागी व्रण निर्माण करतात आणि तो व्रण फुटूही शकतो. गुडघा दुखला म्हणून दुकानातून सहज घेतलेली गोळी हे याचे नेहमीचे कारण आहे. पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित असते. धूम्रपानानेही असाच व्रण होतो.

साखर, मद्य आणि डम्पिंग

बायपासनंतर गोड किंवा फार तेलकट पदार्थ खाल्ल्यावर दहा-तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब असा त्रास होऊ शकतो. त्याला डम्पिंग म्हणतात. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो. त्यात रक्तातील साखर एकदम उतरते, हातपाय थरथरतात आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. थोडे थोडे खाणे, गोड पेये बंद करणे आणि प्रत्येक जेवणात प्रथिने असणे यांनी बहुतेकांना आराम पडतो. न पडल्यास तपासणी करावी आणि तोवर अशा वेळी वाहन चालवू नये.

मद्याविषयी स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. बायपासनंतर आणि काही प्रमाणात स्लीव्हनंतरही मद्य फार वेगाने रक्तात भिनते, थोड्यानेच चढते आणि उतरायला वेळ लागतो. विशेषतः बायपास झालेल्यांत दुसऱ्या वर्षापासून मद्याच्या आहारी जाण्याचे प्रमाण वाढलेले आढळते, पूर्वी कधी ही सवय नसलेल्यांतसुद्धा. पूर्वी अन्नातून मिळणारा दिलासा ज्यांना आता मिळत नाही, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे आणि मन अस्वस्थ असेल तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत लवकर घ्यावी.

व्यायाम, केस आणि त्वचा

पहिला महिनाभर चालणे पुरेसे आहे. सर्जनने परवानगी दिल्यानंतर आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सुरू करावा, कारण वेगाने वजन उतरताना शरीर चरबीबरोबर स्नायूही खर्च करते आणि ते थांबवण्याचे मार्ग दोनच, प्रथिने आणि वजनाचा व्यायाम. हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता येते, हे दर महिन्याला मोजून लिहून ठेवावे. ही नोंद मला काट्यावरच्या आकड्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागतात आणि लोक घाबरतात. वेगाने वजन घटल्याचा हा परिणाम असतो आणि बहुतेकांचे केस काही महिन्यांत परत येतात. तसे झाले नाही तर लोह, जस्त आणि प्रथिने तपासावीत. लोंबणाऱ्या त्वचेची शस्त्रक्रिया वजन काही महिने स्थिर राहिल्यावरच, साधारणपणे दीड वर्षानंतर, विचारात घ्यावी.

गर्भधारणा

वजन उतरू लागले की पाळी नियमित होते आणि पूर्वी राहत नसलेला गर्भही अनपेक्षितपणे राहू शकतो. शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, असा सल्ला दिला जातो. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पुरेसा भरवसा ठेवता येत नाही, म्हणून दुसरे साधन निवडावे. पुढे गर्भवती झाल्यावर ग्लुकोज पिऊन करायची मधुमेहाची चाचणी सुचवली गेली, तर आपली शस्त्रक्रिया सांगावी. त्या द्रवाने डम्पिंग होऊ शकते आणि घरी साखर मोजण्याचा पर्याय उपलब्ध असतो.

एक वर्षानंतर

वजन साधारणपणे १२ ते १८ महिने उतरते आणि मग थांबते. त्याआधीही, बरेचदा तिसऱ्या आठवड्यातच, काटा काही दिवस अडकतो. पहिल्या पंधरवड्यात गेलेल्या वजनात पाण्याचा मोठा वाटा असल्यामुळे असे होते आणि त्यासाठी जेवण आणखी कमी करू नये. दुसऱ्या वर्षानंतर भूक परतते, पोटात थोडे जास्त मावते आणि काही किलो परत येतात. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका दीर्घकालीन अभ्यासात हेच दिसले : एक-दोन वर्षांनी सर्वांत कमी झालेले वजन पुढे काहीसे वाढले, तरी दहा वर्षांनंतरही ते शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या तुलनेत बरेच कमी राहिले.

वजन जास्त वाढते तेव्हा कारण बहुधा मोठे जेवण नसते. मऊ, कुरकुरीत, तोंडात टाकताच विरघळणारे पदार्थ दिवसभर थोडे थोडे खात राहिले तर लहान जठराचा अडसर होत नाही. अशा वेळी चार दिवस खाण्याची वेळ आणि पदार्थ लिहून काढावेत, आणि तो कागद घेऊन यावे.

तपासण्या पहिल्या वर्षी साधारण १, ३, ६ आणि १२ महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी असतात. त्यांत हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड संप्रेरक पाहतात. बायपासनंतर अ जीवनसत्त्व, जस्त आणि तांबे यांचीही भर पडते. उजव्या बरगडीखाली कळ येत असेल तर पित्ताशयातील खड्यांची तपासणी करावी. बायपास झालेल्या व्यक्तीला कितीही वर्षांनी पोटात येऊन-जाऊन तीव्र कळा येऊ लागल्या, तर त्या अपचनाच्या समजू नयेत. आतडे आतल्या आत अडकले असण्याची शक्यता असते आणि त्यासाठी तातडीने सर्जनला दाखवावे लागते.

चार-पाच किलो वाढले म्हणून ओशाळून तपासणीला न येणारे बरेच जण मला माहीत आहेत. भेट टळते, तिच्याबरोबर रक्ततपासणी टळते, आणि मग बी-१२ ची कमतरता सापडते ती पायांची बधिरता गुडघ्यांपर्यंत चढल्यावर. ठरलेल्या तारखेला यावे. काट्यावर उभे राहायचे नसेल तर दारातच तसे सांगावे. रक्त तपासू, गोळ्यांची डबी पाहू आणि वजन पुढच्या वेळी करू.